काठावरच्यांना विचारतो कोण?

रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा तालुक्यांत स्कूबा डायव्हिंगचा तळ नाही, आणि तो लवकर होईल अशी चिन्हंही नाहीत. कारण अगदी साधं आहे. कोकणातल्या धरणांत पावसाळाभर तांबडं पाणी उतरतं आणि मग गाळ बसत राहतो. हातभर अंतरावरचं दिसत नाही अशा पाण्यात पैसे मोजून कोण उतरेल? या भागात पाठीला सिलिंडर लावून पाणबुड्या पाण्यात जातो तो बहुधा बुडालेल्याचा शोध घ्यायला. पण तलावाकाठच्या डायव्हर मंडळींत आणि गावकऱ्यांत जगभर जो तंटा होतो, तो इथे नाही असं मात्र नाही. स्कूबाच्या जागी राफ्ट आणि कयाक आहेत, तलावाच्या जागी धरणाच्या पाण्यावर वाहणारी नदी आहे, एवढाच फरक. रोहा तालुक्यातलं कोलाड आणि तिथली कुंडलिका हे त्याचं आजचं उदाहरण. पेणजवळचं हेटवणे धरण हे उद्याचं ठरू शकतं. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध असलेली माणसं काठावर राहतात आणि दोन तासांसाठी आलेली माणसं पाण्यात उतरतात. ती कुठून, केव्हा आणि किती संख्येने उतरतील हे कोणी ठरवायचं? माझं म्हणणं असं की या तंट्यात पर्यटक आणि गावकरी हे खरे वादी-प्रतिवादी नाहीत. ज्याच्या ताब्यात पाणी आहे तो तिसराच, आणि तो सुनावणीला हजरच नसतो.

कुंडलिकेत वर्षभर राफ्टिंग चालतं, ते पावसाच्या कृपेने नव्हे. कोकणातल्या बहुतेक नद्या दिवाळीनंतर डबक्यांपुरत्या उरतात. कुंडलिकेला उन्हाळ्यातही जोर असतो, कारण तिच्यात घाटमाथ्यापलीकडचं पाणी येतं. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला आणलं जातं, पाचशे मीटरच्या आसपास खाली सोडलं जातं आणि भिऱ्याला टाटांच्या वीजकेंद्रात टर्बाइन फिरवतं. हे केंद्र १९२७ पासून चालू आहे. टाटांच्या टर्बाइनमधून निघालेलं तेच पाणी भिऱ्यालाच पुन्हा अडवलं जातं आणि महानिर्मितीचं ८० मेगावॉटचं केंद्र त्यातून आणखी एकदा वीज काढतं. मग ते नदीत येतं, आणि पुढे डोलवहाल बंधाऱ्यापासून कालव्यांतून भातशेतीला आणि नळांतून कारखान्यांना जातं. राफ्टवाले ज्या लाटेवर स्वार होतात ती भिरा आणि डोलवहाल यांच्या मधली. मुंबईला वीज किती लागते त्यावर टर्बाइनचा वेळ ठरतो, टर्बाइनच्या वेळेवर नदीची पातळी ठरते, आणि त्या पातळीवर पर्यटकांनी सकाळी किती वाजता जॅकेट चढवायचं ते ठरतं. या साखळीत काठावरच्या गावाला विचारण्याची कडी कुठेच नाही. पात्रात कपडे धुणारी बाई, खेकडे पकडणारा कातकरी, गुरं पाण्यावर आणणारा पोरगा यांना भिऱ्यातून पाणी सुटल्याचं कळतं ते पातळी चढू लागल्यावर.

या पाण्याला आणखी एक इतिहास आहे आणि तो बाजूला ठेवून हा विषय समजत नाही. मुळशी धरणाविरुद्ध १९२१ साली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट हे नाव महाराष्ट्राला मिळालं ते त्याच लढ्यातून. धरणाविरुद्धच्या जनआंदोलनांचा इतिहास सांगताना आज जगभर मुळशीपासून सुरुवात केली जाते. लढा हरला, पन्नासहून अधिक गावांच्या जमिनी गेल्या, पाणी कोकणात उतरलं. म्हणजे कुंडलिकेच्या पाण्यावर शंभर वर्षांपूर्वी एका गटाचा हक्क संपवला गेला आणि तो दुसऱ्या कोणा गावाला न मिळता कंपनीकडे, मग सरकारी खात्यांकडे गेला. कोकणातल्या गावांना त्या पाण्याचा फायदा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. उन्हाळी भात त्यामुळेच पिकतो. पण फायदा मिळणं वेगळं आणि हक्क असणं वेगळं. हे पाणी पश्चिमेला न सोडता भीमेच्या खोऱ्यात वळवा, ही पुणे-सोलापूरकडची मागणी वारंवार डोकं वर काढते. उद्या ती मान्य झाली तर कोलाडच्या शेतकऱ्याला आणि राफ्टवाल्याला एकाच सकाळी कोरडं पात्र बघावं लागेल, आणि दोघांपैकी एकाचंही म्हणणं कोणी ऐकून घेतलेलं नसेल. एकमेकांवर चिडलेले हे दोन पक्ष प्रत्यक्षात एकाच होडीत बसलेले आहेत.

चिडण्याची कारणं मात्र खरी आहेत. पाणवठ्याशी कपडे बदलणारे घोळके, झुडपात फेकलेल्या बाटल्या, शनिवारी रात्री शेतघरांतून वाजणारे स्पीकर, अरुंद रस्त्यावर आडव्या लावलेल्या गाड्या, बायकांच्या आंघोळीच्या जागेवरून आरडाओरडा करत जाणारे तराफे: मुंबई-पुण्यापासून तीन तासांवर असलेल्या कोणत्याही पाणवठ्याच्या गावात ही यादी ऐकायला मिळते. यावर शहरी वाचकाचं उत्तर ठरलेलं असतं. लोकांना शिस्त लावा, फलक लावा, दंड करा. हे उत्तर चुकीचं नाही, अपुरं आहे. वागणूक सुधारली तरी ठिणगी विझत नाही याचं कारण असं की त्याच पाण्याकडे दोघे दोन टोकांनी बघतात. पर्यटकाला ते मोकळं दिसतं, कुंपण नसलेलं, सर्वांचं. गावकऱ्याने ते आयुष्यभर मोजून मिळणारं म्हणून पाहिलेलं असतं. कालव्याला पाणी सुटण्याची पाळी, मासेमारीचा ठेका, जलाशयात उतरण्यास मनाईची पाटी, वीस वर्षं तसाच पडलेला पुनर्वसनाचा अर्ज, इतक्या ठिकाणी 'नाही' ऐकून झालेलं असतं. तिथे कोणी बाहेरचा माणूस पैसे भरून हसत-खिदळत त्याच पाण्यात उडी मारतो, तेव्हा दुखतं ते उडी मारण्यामुळे नव्हे. जी परवानगी आपल्याला कधी मिळाली नाही ती याला काउंटरवर मिळाली, हे दुखतं. इथे कुंडलिकेबद्दल आणखी एक बोचरी गोष्ट सांगायला हवी. रोह्याच्या खालच्या अंगाला, धाटावच्या औद्योगिक वसाहतीनंतरची हीच नदी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आली. वरच्या टप्प्यात ती जाहिरातीतली नदी आहे आणि खालच्या टप्प्यात, खाडीकडे, कोळ्यांच्या तक्रार-अर्जातली.

पेणचं चित्र वेगळं, पण गाठ तीच. हेटवणे धरणाचं पाणी सिडको नवी मुंबईच्या वसाहतींना नेते. धरण ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यातल्या खाडीलगतच्या खारेपाटातली गावं एप्रिल-मेमध्ये पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघतात आणि हंडा मोर्चे काढतात. लाभक्षेत्रातल्या कालव्यांची कामं वर्षानुवर्षं रेंगाळली. याच लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) प्रश्नावर मतदान केलं होतं. जमीन सेझला द्यायची की नाही, असा सरळ प्रश्न जिल्हा प्रशासनाने मतपत्रिकेवर विचारला. शेतकऱ्यांचा युक्तिवाद पाण्यावरच उभा होता: आमची जमीन ओलिताखाली येणार म्हणून धरण बांधलं, मग तीच जमीन कारखान्याला कशी? निकाल अधिकृतपणे कधी जाहीर झाला नाही, पण अशा प्रश्नावर गावागावात मतपेटी ठेवता येते हे पेणने देशाला दाखवलं. आता जलसंपदा खातं धरणांलगतच्या जागा खासगी भागीदारीतून पर्यटनासाठी विकसित करण्याच्या मागे आहे. नवी मुंबईचा विमानतळ, अटल सेतू आणि मुंबई-गोवा महामार्ग यांच्या टप्प्यात असलेलं हेटवणे त्या नजरेतून सुटेल असं मानणं भाबडेपणाचं होईल. तिथे जेट्टी, कयाक, तंबू आले आणि खाली खारेपाटात टँकर चालूच राहिला, तर भांडण कोणाचं कोणाशी होईल ते सांगायला ज्योतिषी नको. राज्याच्या २००३ च्या जलनीतीने पिण्याचं पाणी पहिलं आणि करमणूक तळाजवळ ठेवली होती. कागदावरचा तो क्रम काठावर उलटा दिसला की माणसं खवळतात.

हा तंटा जगात इतरत्र कसा सुटला? ऑस्ट्रियात ट्राग्योस गावाजवळ एक हिरवं सरोवर आहे. हिवाळ्यात ते एक-दोन मीटर खोल असतं. वसंतात बर्फ वितळलं की पाणी दहा मीटरच्या पुढे चढतं आणि काठावरचं उद्यान, बाक, लाकडी पूल, कुरण सगळं स्वच्छ पाण्याखाली जातं. पाण्याखालच्या बाकावर बसून फोटो काढायला डायव्हर येऊ लागले, त्यांच्या पायांतल्या पंखांनी गाळ ढवळला गेला, आणि ज्या नितळपणासाठी लोक येत होते तोच धोक्यात आला. १ जानेवारी २०१६ पासून तिथे डायव्हिंग बंद आहे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ते वाइकोरोपुपू नावाचे झरे आहेत. त्यांच्या पाण्यातून साठ मीटरपलीकडचं दिसतं असं मोजलं गेलं आहे, म्हणजे डायव्हरांचा स्वर्गच. माओरींना ते पाणी पवित्र. आज तिथे पोहणं-डायव्हिंग तर सोडाच, पाण्याला हात लावायलाही मनाई आहे. पहिल्या ठिकाणी कारण गाळाचं, दुसऱ्या ठिकाणी श्रद्धेचं. पण दोन्हीकडे काठावरच्यांच्या शब्दाला वजन होतं आणि निर्णय त्या पाण्यापुरता, कारणासह घेतला गेला. बंदी आलीच पाहिजे असा याचा अर्थ नाही. ऐकून घेतल्यावर आलेली बंदी टिकते, एवढाच अर्थ मी घेतो.

आता आक्षेप. सगळ्यात वजनदार आक्षेप हा की नदी आणि धरण ही सार्वजनिक मालमत्ता आहे. काठावर घर आहे म्हणून गावाला फाटक लावू देणं म्हणजे नवी वतनदारी. हा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्या राज्यात चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली, आणि तेही याच जिल्ह्यातल्या महाडला, सत्याग्रह करावा लागला, तिथे 'गावाचं पाणी' या शब्दांत काय काय दडलेलं असू शकतं हे विसरून चालणार नाही. पाणवठ्यावर कोण आला आणि कोण नाही हे गावाने ठरवण्याचा इतिहास आपल्याकडे काळा आहे. म्हणून गावाला द्यायचा अधिकार माणूस पारखण्याचा असता कामा नये. वेळ, संख्या, उतरण्याची जागा आणि शुल्क या चारच गोष्टींवर ग्रामसभेचा शब्द चालावा, तो सर्वांना सारखा लागू असावा, आणि त्यावर जिल्ह्याकडे अपील असावं. सार्वजनिक मालमत्ता हा शब्द आज तरी कंपनीच्या टर्बाइनला, कारखान्याच्या नळाला आणि रिसॉर्टच्या जेट्टीला आडवा येत नाही. काठावरच्या माणसाने तोंड उघडलं की मात्र तो आठवतो.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. कोलाड परिसरातल्या तरुणांना राफ्टिंगमुळे काम मिळालं, घरगुती जेवणावळी चालल्या, मग तक्रार कसली? काम मिळालं हे खरं. पण गाईड होणं आणि वेळापत्रकात शब्द असणं यात अंतर आहे. शिवाय 'स्थानिकांच्या हाती दिलं की सगळं सुरळीत' हे सूत्रही तपासून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी मालवणकडे बघावं. तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा मच्छीमारांनी कडाडून विरोध केला, कारण विचारणा न होता नकाशा आला होता. पुढे त्याच किनाऱ्यावर स्कूबा आणि स्नॉर्केलिंग वाढलं ते बऱ्याच अंशी मच्छीमार घरांतल्या मुलांच्या हातून. विरोधाची धार त्यामुळे बोथट झाली हे निश्चित. पण मे २०२२ मध्ये मालवणजवळच्या तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. म्हणजे स्थानिक मालकीने वैर कमी होतं. सुरक्षितता आपोआप येत नाही. ती वेगळी कमवावी लागते, तपासणीने आणि परवान्याने, आणि ते काम ग्रामसभेचं नव्हे. राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण त्यासाठीच आहे. त्यात नोंदणी आहे, प्रशिक्षित माणसांची अट आहे. त्याचा रोख पर्यटकाच्या सुरक्षेवर आहे आणि ते ठीकच आहे. पण या पूर्ण व्यवहारात संमती कोणाची घ्यायची या प्रश्नाला त्याने हात घातलेला नाही.

तिसरा आक्षेप खासगीत बोलला जातो: गावाला अधिकार दिला की पावती-पुस्तक घेऊन चार टगे रस्त्यात उभे राहतील. राहतातही. पण बेकायदा वसुली नेमकी तिथेच फोफावते जिथे कायदेशीर वसुलीची सोय नसते. साताऱ्याजवळच्या कास या फुलांच्या पठारावर आसपासच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्या शुल्क घेतात, हंगामात दिवसाला तीन हजारांच्या आसपास माणसांची मर्यादा ठरवलेली आहे, नोंदणी ऑनलाइन होते. तिथेही वाद झाले. कुंपण घातलं, मग फुलांवर परिणाम होतो म्हणून ते काढलं. समित्या परिपूर्ण आहेत असं कोणी म्हणणार नाही. तरी पावती खरी आहे, हिशेब मागता येतो, आणि पैसे घेणाऱ्याला पठार पुढच्या वर्षीही फुललेलं हवं असतं. कुंडलिकेच्या काठावर असं काही चालणार नाही असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

प्रशासनाकडे मात्र आज एकच हत्यार आहे, मनाई हुकूम. पूर्वी कलम १४४, आता नव्या संहितेचं कलम १६३. पावसाळा आला की रायगडच्या धबधब्यांवर आणि धरणांवर ते लागतं. जुलै २०२४ मध्ये माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्याजवळ एका तरुणीचा दरीत पडून मृत्यू झाला, तेव्हाही लगोलग निर्बंधांची चर्चा झाली. हुकूम काढणं सोपं, कारण त्यासाठी कोणाला विचारावं लागत नाही. तो अमलात आणणं अवघड, त्याचं कारणही तेच. ज्यांच्या डोळ्यांसमोर गर्दी जमते त्या गावाचा त्यात वाटाच नसतो. उलट कणसं आणि भजी विकणाऱ्याचा धंदा मात्र पहिल्या दिवशी बंद होतो. आणि दुर्घटना घडली की हाक कोणाला जाते? पात्रातले भोवरे आणि कपारी माहीत असलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांना, कोलाडकडच्या बचाव पथकांतल्या पोरांना, ज्यांच्यातले कितीतरी राफ्टिंगवरच तयार झाले. मला हा या प्रश्नातला सगळ्यात आशादायक धागा वाटतो. पाहुण्यांसाठी आलेली दोरी, जॅकेट आणि कसब गावाच्या उपयोगी पडतं, आणि गावाचं पाण्याचं ज्ञान पाहुण्याचा जीव वाचवतं. ते मृतदेह काढण्याच्या वेळीच का उपयोगात यावं? परवाना देताना त्यांना बसवून विचारलं तर कित्येक वेळा मृतदेह काढण्याची वेळ येणार नाही.

कायद्यात जागा आहे का? थोडी आहे, आणि एक मोठी फट आहे. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलाशयांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवलं. शेजारच्या ठाणे आणि त्यापलीकडच्या पालघर जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे, रायगडमध्ये नाही. पेणच्या डोंगरातल्या ठाकरवाड्या आणि रोह्याच्या कातकरीवाड्या त्यामुळे त्या कवचाच्या बाहेर राहिल्या, जरी पाण्याशी त्यांचं नातं पालघरच्या पाड्यांइतकंच आहे. २००६ चा वनहक्क कायदा मात्र इथेही लागू आहे, आणि सामूहिक हक्कांत मासे आणि पाणवठ्यांतलं इतर उत्पन्न यांचा त्याने उल्लेख करून समावेश केला आहे. वनक्षेत्राला लागून असलेल्या पाण्यावर असे दावे दाखल करणं हे पहिलं पाऊल होऊ शकतं. दुसरं पाऊल जलसंपदा खात्याचं: धरणालगतची जागा पर्यटनाला देण्याच्या निविदेत बाधित आणि लाभक्षेत्रातल्या ग्रामसभांचा ठराव बंधनकारक करावा, आणि पिण्याच्या पाण्याची योजना अपुरी असलेल्या तालुक्यात ती पूर्ण होईपर्यंत जेट्टीची निविदा काढूच नये. तिसरं, भिऱ्याच्या पाण्याचं वेळापत्रक. पर्यटन संस्थांना जे आदल्या दिवशी कळू शकतं ते काठावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि फोनवर का येऊ नये? याला कायदा लागत नाही, एका पत्राचं काम आहे.

यात राफ्टिंगच्या धंद्याचा तोटा नाही. ज्याच्या पायाखालचं पाणी दुसऱ्याच्या मर्जीवर सुटतं त्याला काठावर मित्र हवेत, कारण मुळशीचं पाणी पूर्वेला वळवण्याची चर्चा पुन्हा निघेल तेव्हा पर्यटन संस्थांच्या निवेदनापेक्षा काठावरच्या गावांच्या ठरावांना जास्त वजन असेल. गावांनीही वाट बघत बसू नये. महाराष्ट्रात १ मेची ग्रामसभा पावसाळ्याच्या तोंडावर येते. पेण आणि रोहा तालुक्यांतल्या पाणवठ्याकाठच्या ग्रामपंचायतींनी येत्या १ मेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्यावा: आपल्या पाण्यात कोणी, कुठून, किती वाजता आणि किती जणांनी उतरायचं. ठराव मराठीत लिहावा, त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, जलसंपदा खात्याला आणि पर्यटन संचालनालयाला पाठवावी, आणि पोच घ्यायला विसरू नये.